आइस हॉकीची संतुलित आघाडी कशी बांधावी

आइस हॉकीच्या व्यावसायिक सामन्यात वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात आणि दोन्ही संघ पूर्ण संख्येने खेळत असताना प्रत्येकाचे तीन आघाडीपटू बर्फावर असतात. म्हणजे आघाडीसाठी प्रशिक्षकाच्या हातात साधारण १८० खेळाडू-मिनिटे येतात आणि ती त्याला बारा जणांत, म्हणजे तिघातिघांच्या चार फळ्यांत, वाटायची असतात. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतील. पण सरासरीने वाटणी करणारा प्रशिक्षक फार काळ नोकरीत राहणार नाही. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजेच एनएचएलमध्ये, आघाडीचा तारा वीस-बावीस मिनिटे खेळतो आणि चौथ्या फळीतला खेळाडू आठ-दहा मिनिटांत आपले काम उरकतो. संतुलित आघाडी या असमान वाटणीतूनच उभी करावी लागते. आपली कोणतीही फळी बर्फावर असली तरी समोरच्या प्रशिक्षकाला हायसे वाटू नये, एवढीच संतुलनाची कसोटी मानावी आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या कसोटीवर घासून पाहावा.

मुंबईत हा खेळ पाहणारा वर्ग लहान असला तरी चिवट आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, तो संपेपर्यंत आठ वाजतात, आणि तिसऱ्या भागाची शेवटची मिनिटे अनेकांनी लोकलच्या दारात उभे राहून मोबाइलवर पाहिलेली असतात. यांतले बरेच जण संगणकावरच्या व्यवस्थापन-खेळांत किंवा चक्क वहीत आपला संघ बांधत असतात. त्या वह्यांमधली आघाडी बहुधा एकाच पद्धतीने भरलेली दिसते: गोल आणि गोलला साहाय्य यांच्या गुणतक्त्यातले पहिले तिघे पहिल्या फळीत, पुढचे तिघे दुसऱ्या फळीत, आणि असेच खाली बारापर्यंत. अशी आघाडी कागदावर भारदस्त दिसते, परंतु तिच्यात पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, परत मिळवणारा, फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना पंचाने दोघांमध्ये टाकलेला पक, जिंकणारा आणि मिळालेली गोलांची आघाडी टिकवून धरणारा खेळाडू कोण, याचे उत्तर सापडत नाही.

चर्चगेटच्या मैदानावर टर्फवरची हॉकी पाहून तयार झालेल्या प्रेक्षकाने एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा. बदली खेळाडू तिथेही कितीही वेळा उतरवता येतात, परंतु बर्फावर एका पाळीची, म्हणजे शिफ्टची, लांबी पाऊण मिनिटाच्या आसपास असते, कारण पूर्ण ताकदीने स्केटिंग करणाऱ्याचे पाय त्यानंतर साथ देत नाहीत. त्यामुळे ‘मुख्य संघ आणि राखीव खेळाडू’ अशी विभागणी या खेळात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर बडोद्याविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके ठोकली, तेव्हा शेपटाचे मोल मुंबईकराला नव्याने कळले. पण वरचे फलंदाज टिकले असते तर त्या दोघांना पॅड बांधून बसून राहता आले असते. आइस हॉकीतल्या चौथ्या फळीला ती सवलत नसते. सामना सुरू होऊन तीन-चार मिनिटे होतात न होतात तोच ती बर्फावर असते आणि समोर बहुधा कोणीतरी तिच्याहून सरस असते.

मिनिटांचा हिशेब

नावे लिहिण्याआधी मिनिटे लिहावीत. समजा, एका सामन्यात ४८ मिनिटे पाच विरुद्ध पाच असा खेळ झाला, सहा मिनिटे आपल्याला पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर असल्याने संख्येची सरशी, मिळाला आणि सहा मिनिटे आपला एक खेळाडू शिक्षेच्या बाकावर बसला. ती ४८ मिनिटे चार फळ्यांत १५, १३, १२ आणि ८ अशी वाटली, पॉवर प्लेची चार मिनिटे पहिल्या गटाला आणि दोन दुसऱ्या गटाला दिली, आणि पेनल्टी किलची, म्हणजे एक खेळाडू कमी असताना बचाव करण्याची, सहा मिनिटे दोन जोड्यांत निम्मी-निम्मी केली, तर पहिल्या फळीतला विंगर, म्हणजे कडेचा आघाडीपटू, एकोणीस मिनिटे खेळतो, पेनल्टी किल करणारा तिसऱ्या फळीचा सेंटर, म्हणजे मधला आघाडीपटू, पंधरा मिनिटे खेळतो, पेनल्टी किल करणारा चौथ्या फळीचा खेळाडू अकरा मिनिटांवर जातो, आणि जो यांपैकी कशातच नाही तो आठ मिनिटांवर थांबतो.

हा तक्ता समोर ठेवला की दोन गोष्टी उघड होतात. चौथ्या फळीतल्या ज्या खेळाडूला पेनल्टी किल येत नाही तो सामन्याचा बराचसा काळ बाकावर थंड होत बसतो आणि मग अचानक त्याच्याकडून वेगाची अपेक्षा केली जाते; म्हणून चौथ्या फळीत निदान दोघे तरी पेनल्टी किल करणारे असावेत. दुसरी गोष्ट अशी की पहिल्या फळीच्या सेंटरला पॉवर प्ले आणि पेनल्टी किल दोन्ही दिले तर त्याची बेरीज बावीस मिनिटांवर जाते. एखाद्या सामन्यात ते चालते, परंतु ऐंशीहून अधिक सामन्यांच्या हंगामात, आणि त्यानंतर दोन महिने चालणाऱ्या प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत, त्या जादा मिनिटांची किंमत तिसऱ्या भागाच्या अखेरीस मोजावी लागते.

सेंटर आधी, बाकीचे नंतर

मिनिटांनंतर चार सेंटर ठरवावेत आणि विंगरच्या जागा तोवर कोऱ्या ठेवाव्यात. विंगरच्या तुलनेत सेंटरवर दुहेरी बोजा असतो: फेसऑफ त्यानेच घ्यायचा, स्वतःच्या गोलसमोर बचावपटूंच्या मदतीला खोलवर त्यानेच यायचे, आणि पक हाती आल्यावर बाहेर पडण्याचा पहिला पासही बहुधा त्याच्याच स्टिकवर यायचा. विंगर कमकुवत असला तर फळी कमी गोल करते. सेंटर कमकुवत असला तर फळी आपल्याच भागातून बाहेर पडत नाही. म्हणूनच गोल करणाऱ्या चांगल्या विंगरपेक्षा दुसऱ्या दर्जाचा, पण दोन्ही बाजूंनी खेळणारा सेंटर मिळवणे अधिक कठीण जाते.

याची ठळक उदाहरणे पिट्सबर्ग पेंग्विन्सने दिली. २००९ मध्ये त्यांनी स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला तेव्हा सिडनी क्रॉसबी, येवगेनी माल्किन आणि जॉर्डन स्टाल असे तीन सेंटर त्यांच्या तीन फळ्यांसाठी उपलब्ध होते. समोरच्या संघाकडे उत्तम बचाव करणारी एकच जोडी असेल तर ती क्रॉसबीवर लावावी की माल्किनवर, हा पेच प्रत्येक प्रशिक्षकापुढे उभा राहत असे. २०१६ मध्ये पुन्हा तेच झाले, फक्त तिसरा माणूस बदलला. माल्किन जखमी असताना प्रशिक्षक माइक सलिव्हन यांनी निक बोनिनो या साध्या वाटणाऱ्या सेंटरच्या एका बाजूला कार्ल हॅगेलिनचा वेग आणि दुसऱ्या बाजूला फिल केसलचा फटका ठेवला, आणि माल्किन परतल्यावरही ती फळी मोडली नाही. केसल हा कोणत्याही संघात पहिल्या फळीत शोभला असता. त्याला क्रॉसबी आणि माल्किन दोघांपासूनही दूर ठेवल्यामुळेच तो समोरच्यांच्या तिसऱ्या बचाव जोडीविरुद्ध खेळला, आणि प्लेऑफमध्ये संघासाठी सर्वाधिक, म्हणजे २२ गुण त्याच्या नावावर लागले.

उलट बाजूचा पेच एडमंटन ऑयलर्सकडे पाहून समजतो. कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसायटल हे दोघेही जगातल्या सर्वोत्तम सेंटरांत मोजले जातात, आणि त्यांना एकाच फळीत ठेवावे की दोन फळ्यांत, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक प्रशिक्षकाने दोन्ही प्रकारे सोडवून पाहिला आहे. एकत्र ठेवले तर ती फळी आवरणे जवळजवळ अशक्य होते, परंतु उरलेली चाळीस-एक मिनिटे संघ सामान्य भासतो. माझे मत असे की सामन्याची सुरुवात दोघांना वेगळे ठेवूनच करावी, आणि पिछाडीवर असताना, किंवा आपल्या कोणत्याही फळीला गती सापडत नसेल तेव्हा, दहा मिनिटांसाठी त्यांना जोडावे. जोडी हा राखून ठेवायचा डाव आहे. तोच रोजचा नियम झाला की समोरचा प्रशिक्षक त्याची तयारी करून येतो.

चार सेंटरांपैकी निदान एक डावखुरा आणि एक उजवा असावा. बहुतेक सेंटर फेसऑफमध्ये पक बॅकहँडने मागे ओढतात, त्यामुळे उजव्या हाताच्या खेळाडूला उजवीकडच्या वर्तुळात आणि डावखुऱ्याला डावीकडच्या वर्तुळात अधिक बळ मिळते. स्वतःच्या गोलजवळचा एक फेसऑफ हरला की पक थेट फटका मारणाऱ्याकडे जाऊ शकतो, म्हणून हा तपशील किरकोळ समजू नये. फेसऑफची टक्केवारी पाहताना मात्र हुरळून जाऊ नये, कारण चांगले सेंटरही पन्नास टक्क्यांच्या थोडे वर असतात आणि पंचावन्नच्या पुढे सातत्याने राहणारे मोजकेच असतात.

आधी जोडी, मग तिसरा

सेंटर ठरल्यावर तिघांची फळी एकदम जुळवण्याचा प्रयत्न करू नये. टिकाऊ असते ती जोडी. तिसरा गडी बदलत राहतो. बॉस्टनमध्ये पात्रिस बर्जरॉन आणि ब्रॅड मार्शंड ही जोडी वर्षानुवर्षे कायम होती, आणि डेव्हिड पास्त्रनाक त्यांच्याकडे नंतर आला. फ्लोरिडात अलेक्झांडर बार्कोव आणि सॅम राइनहार्ट यांची जोडी तशीच. जुन्या काळात वेन ग्रेट्झकीच्या उजव्या बाजूला यारी कुरी ठरलेला असे आणि डावीकडची माणसे बदलत. प्रत्येक फळीसाठी आधी अशी एक जोडी निवडावी, ज्यात एकजण पक वाहून नेतो किंवा पास देतो आणि दुसरा मोकळी जागा हेरून फटका मारतो. मग तिसऱ्या जागेसाठी सर्वाधिक गुण मिळवणारा शिल्लक खेळाडू न घेता, त्या दोघांना जे करायला आवडत नाही ते करणारा खेळाडू घ्यावा. बहुतेक वेळा ते काम फोरचेकचे असते: प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या बचावपटूवर दबाव टाकणे, पक हिसकावणे आणि मग गोलसमोर उभे राहून धक्के खात गोलरक्षकाची नजर अडवणे. एडमंटनमध्ये मॅकडेव्हिडच्या शेजारी झॅक हायमनने हेच काम केले आणि त्यातूनच भरपूर गोलही केले.

विंगर कोणत्या बाजूला खेळवायचा हे त्याच्या हातावरून आपोआप ठरत नाही. डाव्या बाजूला डावखुरा असला तर कडेच्या कठड्यालगत पक घेणे आणि स्वतःच्या भागातून बाहेर काढणे सोपे जाते, कारण त्याचा फोरहँड कठड्याकडे असतो. उलट हाताचा विंगर त्या कामात चाचपडतो, परंतु आत वळल्यावर त्याच्या स्टिकचे पाते गोलच्या मध्याकडे उघडे असते. अलेक्झांडर ओवेचकिन उजव्या हाताचा असून बहुतेक कारकीर्द डाव्या बाजूला खेळला, आणि पॉवर प्लेमध्ये डावीकडच्या वर्तुळात उभे राहून आलेला पास न थांबवता थेट फटके मारत त्याने एप्रिल २०२५ मध्ये ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे टाकला. सर्वसाधारण संघासाठी नियम एवढाच पुरे की वरच्या दोन फळ्यांत उलट हाताचा विंगर खुशाल खेळवावा, आणि खालच्या दोन फळ्यांत, जिथे पक सुखरूप बाहेर काढणे हेच निम्मे काम असते, तिथे शक्यतो सरळ हाताचे विंगर ठेवावेत.

तिसऱ्या फळीवरून संघ ओळखावा

पहिली फळी कोणत्याही बऱ्या संघाकडे असते. संघ संतुलित आहे की नाही हे तिसऱ्या फळीकडे पाहून कळते, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा टँपा बे लाइटनिंगच्या इतिहासात आहे. २०१८-१९ च्या हंगामात या संघाने ६२ सामने जिंकून १२८ गुण मिळवले होते आणि निकिता कुचेरोव, स्टीव्हन स्टॅमकोस, ब्रेडन पॉइंट असे आघाडीपटू त्यांच्याकडे होते. तरीही प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना चार-शून्य असे घरी पाठवले. पुढच्या मोसमात, फेब्रुवारी २०२० मध्ये, व्यवस्थापनाने ब्लेक कोलमन आणि बार्कली गुडरो या दोन कष्टाळू विंगरांसाठी मोठी किंमत, नवोदितांच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीच्या हक्कांसह, मोजली, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. त्या दोघांच्या मध्ये यानी गुर्ड आला. ही फळी समोरच्यांच्या सर्वोत्तम फळीला त्यांच्याच भागात अडकवून ठेवी, पक सोडत नसे, आणि मधूनच गोलही करी. त्यामुळे पॉइंट आणि कुचेरोव यांना तुलनेने मोकळे बर्फ मिळू लागले. संघाने २०२० आणि २०२१ असे दोन कप सलग जिंकले.

या उदाहरणातून फळीची व्याख्या घ्यावी. तिसरी फळी म्हणजे दुसऱ्या फळीत न बसलेल्यांची धर्मशाळा नव्हे. तिला एक ठरलेले काम द्यावे. ते काम दोन प्रकारचे असू शकते. टँपाप्रमाणे समोरच्यांच्या ताऱ्यांना रोखण्याचे काम दिले तर तिथे तिघेही बचावाची समज असलेले, स्केटिंगला दमदार आणि वेळेवर पाळी बदलणारे हवेत. पिट्सबर्गप्रमाणे कमकुवत बचावावर तुटून पडण्याचे काम दिले तर रोखण्याची जबाबदारी दुसऱ्या एखाद्या फळीने उचलायला हवी, आणि ती कोणती हे आधीच लिहून ठेवायला हवे. २०२५ च्या फ्लोरिडा पँथर्सनी तर दोन्ही साधले. रोखण्यासाठी बार्कोव होताच, बचावातही निपुण असलेल्या आघाडीपटूला दिली जाणारी सेल्की ट्रॉफी त्याने तीनदा मिळवली आहे. दुसऱ्या फळीत सॅम बेनेट आणि मॅथ्यू काचक होते. आणि तिसऱ्या फळीत अँटन लुंडेल व एतू लुओस्तारिनेन या दोन तरुण फिनिश खेळाडूंच्या जोडीला मार्च महिन्यात बॉस्टनकडून आणलेला ३७ वर्षांचा मार्शंड होता, ज्याने एडमंटनविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या सहा सामन्यांत सहा गोल केले. एडमंटनने मॅकडेव्हिडला कोणाहीविरुद्ध उतरवले तरी पुढच्या पाळीत त्यांना तितक्याच तापदायक फळीला तोंड द्यावे लागे.

चौथ्या फळीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिने गोल खाऊ नये, पक प्रतिस्पर्ध्याच्या भागात ठेवून बाकीच्यांना श्वास घेऊ द्यावा, आणि पेनल्टी किलचा भार उचलावा. नव्वदच्या दशकातली डेट्रॉइटची क्रिस ड्रेपर, कर्क मॉल्टबी आणि जो कोसर किंवा डॅरेन मॅकार्टी ही फळी याचा उत्तम नमुना होती. धक्काबुक्कीपुरता ठेवलेला, स्केटिंग न येणारा खेळाडू आता या जागेत परवडत नाही. एखादा विशीतला नवोदितही या जागेत कोंबू नये, कारण आठ मिनिटांत तो काही शिकत नाही. त्याला दुय्यम लीगमध्ये रोज वीस मिनिटे खेळू द्यावे, किंवा थेट वरच्या दोन फळ्यांत विंगवर, अनुभवी सेंटरच्या शेजारी ठेवावे.

पैशाची कात्री

वहीत संघ बांधणारे इथेच सर्वाधिक सूट घेतात, म्हणून हा भाग टाळू नये. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत वाहून गेल्यानंतर एनएचएलमध्ये पगाराची कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती आणि २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरली. कोणत्याही एका खेळाडूला या मर्यादेच्या वीस टक्क्यांहून अधिक देता येत नाही. टोरोंटो मेपल लीफ्सनी २०२४-२५ मध्ये ऑस्टन मॅथ्यूज, विल्यम नीलँडर, जॉन टवारेस आणि मिच मार्नर या चौघांवर मिळून ४ कोटी ६६ लाखांहून अधिक डॉलर गुंतवले होते, आणि तेव्हाची मर्यादा ८ कोटी ८० लाख होती. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा चार आघाडीपटूंत, आणि उरलेल्यात आठ आघाडीपटू, सगळे बचावपटू व गोलरक्षक. चौघेही अव्वल दर्जाचे, पण त्या वर्षी दुसऱ्या फेरीच्या सातव्या सामन्यात फ्लोरिडाने त्यांना त्यांच्याच मैदानावर ६-१ असे हरवले, आणि मार्नर त्यानंतर वेगासला निघून गेला.

माझ्या मते पैसा या क्रमाने लावावा: आधी दोन सेंटर, मग त्यांच्या जोडीचा एक अव्वल विंगर, मग तिसऱ्या फळीचा सेंटर. दुसऱ्या बाजूचे विंगर शक्यतो पहिल्या करारावरचे तरुण असावेत, कारण अठरा ते एकवीस वयात सही करणाऱ्याचा तो करार तीन वर्षांचा आणि स्वस्त असतो, आणि चांगल्या सेंटरच्या शेजारी तरुण विंगर लवकर फुलतो. तिसऱ्या फळीच्या विंगरांना दीर्घ मुदतीचे करार देण्याचा मोह आवरावा. टँपाने नेमके तेच टाळले: २०२१ च्या उन्हाळ्यात गुर्ड विस्तार-निवडीत, म्हणजे नव्या संघाने जुन्या संघांतून खेळाडू उचलण्याच्या प्रक्रियेत, सिअ‍ॅटलला गेला, कोलमन कॅलगरीला आणि गुडरो न्यूयॉर्कला, आणि संघाने एकालाही धरून ठेवण्यासाठी तारे विकले नाहीत. दुःख झाले तरी हिशेब बरोबर होता, कारण असे खेळाडू दर दोन-तीन वर्षांनी नव्याने शोधता येतात. पॉइंटसारखा सेंटर शोधून सापडत नाही.

सामन्याच्या दिवशी

खेळ थांबल्यावर खेळाडू बदलताना पाहुण्या संघाला आपली फळी आधी उतरवावी लागते आणि शेवटचा बदल यजमानांच्या हाती असतो. घरच्या मैदानावर म्हणूनच आपली रोखणारी फळी समोरच्यांच्या ताऱ्यांसमोर हवी तेव्हा लावता येते, आणि आपला नवोदित किंवा बचावात कच्चा असलेला तारा त्यांच्या कमकुवत फळीसमोर सोडता येतो. परगावी हे जमत नाही. तिथे खेळ चालू असताना धावत्या बदलातून जुळवाजुळव करावी लागते: समोरची नको असलेली फळी आली की आपल्या खेळाडूंनी वीस सेकंदांतच बाकाकडे यावे आणि योग्य तिघांनी उतरावे. हे वारंवार केले की आपलीच लय बिघडते. म्हणून वहीत दोन मांडण्या ठेवाव्यात. घरची मांडणी धारदार असावी, म्हणजे प्रत्येक फळीला वेगळे काम. परगावची अधिक सपाट असावी, म्हणजे प्रत्येक फळीत निदान एक बचाव जाणणारा खेळाडू, जेणेकरून चुकीची गाठ पडली तरी गोल होणार नाही.

पॉवर प्लेसाठी आजकाल बहुतेक संघ चार आघाडीपटू आणि एक बचावपटू वापरतात. तिथे वरच्या फळ्यांतले उत्तम चौघे घ्यावेत. फक्त त्यातला एक गोलसमोर उभा राहणारा असावा, आणि सगळेच एका हाताचे नसावेत. कधी कधी प्रशिक्षक अकरा आघाडीपटू आणि सात बचावपटू उतरवतात, टँपाच्या जॉन कूपर यांनी हे अनेकदा केले आहे. त्यात चौथ्या फळीची रिकामी जागा दर वेळी वेगळा तारा भरतो आणि त्याला जादा पाळ्या मिळतात. ज्या संघाकडे दोन-तीन दमदार तारे आहेत त्यालाच हे परवडते. तेरावा आघाडीपटू, जो गणवेश न घालता वर बसतो, तो तीनही जागांवर खेळू शकणारा अनुभवी माणूस असावा.

फळी मोडायची कधी, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि घाई हाच त्यातला नेहमीचा दोष असतो. तेरा मिनिटे खेळणारी फळी पाच सामन्यांत एकूण ६५ मिनिटे एकत्र असते, म्हणजे एका सामन्याहून जरा जास्त. एवढ्या काळात पक खांबाला लागून बाहेर गेला की आत, यावर गोलांचा आकडा ठरतो. म्हणून आधी ती फळी बर्फावर असताना दोन्ही संघांनी किती फटके मारले आणि कुठून मारले ते पाहावे. आपल्या बाजूचे फटके अधिक असतील आणि ते गोलच्या जवळून असतील तर गोल नसले तरी फळी तशीच ठेवावी. फटक्यांतच मागे असेल तर आधी तिसरा गडी बदलावा, जोडी शेवटी मोडावी.

शेवटच्या दोन मिनिटांसाठी मात्र वेगळ्या दोन याद्या तयार असाव्यात. एका गोलाने पिछाडीवर असताना गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवला जातो, तेव्हा पॉवर प्लेच्या पहिल्या गटात गोलसमोर उभा राहणारा आणखी एकजण घालावा. एका गोलाने आघाडीवर असताना यादी अधिक काळजीने करावी, कारण दबावाखाली पक मधल्या रेषेच्या अलीकडून थेट टोकापर्यंत फेकला तर आइसिंग होते, त्यानंतर त्याच दमलेल्या पाच जणांना न बदलता आपल्याच गोलजवळ फेसऑफ घ्यावा लागतो, आणि पंचाने सेंटरला फेसऑफमधून बाहेर काढले तर तो दुसऱ्या कुणाला तरी घ्यावा लागतो. अशा वेळी बर्फावरच्या तीन आघाडीपटूंत दोघे सेंटर असावेत, एक डावखुरा आणि एक उजवा.